टोपीवरचा खांब

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी लागण्याच्या आधीच्या शनिवारी आमच्या शाळेत जुन्या वस्तूंचे प्रदर्शन भरले होते. मुलांनी घरोघरचे माळे धुंडाळून काय काय आणले म्हणता! पायली-अधोलीची मापे, अडकित्ते, बिनकर्ण्याचा ग्रामोफोन, भोकाचे पैसे, आणि घंगाळे तर इतकी की ती ठेवायला दोन बाके जोडावी लागली. भंडारा जिल्हा हा पितळेचा जिल्हा. आमच्याकडे पितळेला तोटा नाही.

मी या शाळेत चित्रकलेचा मास्तर आहे. मॅट्रिक झालो, चित्रकलेची परीक्षा दिली आणि खडू हाती घेतला तो आजतागायत. मधल्या काळात चार कादंबऱ्या लिहून झाल्या. त्यामुळे अक्षर बरे आणि मजकूरही बरा, असा दुहेरी लौकिक शाळेत पसरला आहे. प्रदर्शनातल्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले.

सातवीतल्या एका मुलाने रुमालाच्या घडीत गुंडाळून एक पितळी बिल्ला आणला. दोन बोटे उंचीचा असेल. मध्ये एक निमुळता खांब, खाली चौथरा, आणि वर एक पट्टी. पट्टीवर कधी काळी अक्षरे होती हे बोट फिरवले म्हणजे कळे, पण डोळ्यांना काही वाचता येत नव्हते. सगळा बिल्ला झिजून साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला होता. मुलाला विचारले तर म्हणाला, "आजीचा आहे." एवढ्यावर मी ठाकठीक अक्षरात चिठ्ठी लिहिली : ‘दीपमाळेचे चित्र असलेला पितळी बिल्ला. बहुधा एखाद्या देवस्थानाचा.’ आणि घंगाळांच्या शेजारी तो मांडून टाकला.

दुपारी आजी आल्या. ऐंशीच्या आतबाहेरच्या, पांढरे स्वच्छ लुगडे, हातात काठी. नातवाने त्यांना थेट त्या बाकाशी नेले आणि माझी चिठ्ठी वाचून दाखवली. मी जवळच उभा होतो. आजींनी ऐकले, मान हलवली, आणि आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "गुरुजी, हे दीपमार नोहोय. हा खांब हाये, कोरेगावचा. माह्या बापाच्या टोपीवरचा."

वाचकहो, वीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की काढण्याआधी नीट पाहा. दीपमाळेला दिवे ठेवायला चोहोबाजूंनी हात असतात. या खांबाला एकही नव्हता. मी पाहिलेच नव्हते. ती चिठ्ठी फाडून मी खिशात टाकली, पण दुसरी काय लिहावी हे मला सुचेना. म्हणून तेवढ्यापुरते ‘टोपीवरचा बिल्ला’ एवढेच लिहिले आणि सुट्टीत या खांबाचा माग काढायचा असे ठरवले.

प्रथम गेलो तो भंडाऱ्यातल्या एका ओळखीच्या कासाराकडे. ज्या आळीत पूर्वी पहाटेपासून ठोकण्याचा आवाज चाले तेथे आता मोजकीच दुकाने उरली आहेत. आजींच्या परवानगीने बिल्ला बरोबर नेला होता. कासाराने तो तळहातावर उडवून झेलला, पाठ पाहिली आणि म्हणाला, "ठोकीव नाही, ओतीव आहे. मातीच्या साच्यातला." पाठीवर दोन कड्या होत्या; टोपीच्या कापडाला भोके पाडून त्या आत घालायच्या आणि मागून पिन सरकवायची. पुढे मी विचारपूस केली तेव्हा कासाराच्या म्हणण्याला दुजोराच मिळाला. विलायतेतले बिल्ले पोलादी ठशाखाली पत्रा दाबून काढलेले असत, त्यांची पाठ पोकळ असे. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातल्या फौजेची संख्या वीस लाखांच्या पुढे गेली. एवढ्या टोप्यांना विलायती बिल्ले कोठून पुरणार? तेव्हा येथल्याच बाजारातल्या ओतारींनी पितळ ओतून ते केले. म्हणजे आजींच्या वडिलांच्या टोपीवरचा खांब घडवणारा कारागीर आमच्या या कासाराच्याच जातकुळीतला म्हणायचा.

आता खांबाकडे वळतो.

पुण्याहून नगरकडे जाताना भीमेच्या काठी कोरेगाव लागते. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे लढाई झाली. कॅप्टन स्टाँटन नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी सुमारे आठशे शिपाई आणि दोन तोफा घेऊन शिरूरहून रातोरात पुण्याकडे निघाला होता. सकाळी भीमेपाशी पोचतो तो समोर दुसऱ्या बाजीरावाची प्रचंड फौज. स्टाँटनने गावातली घरे आणि भिंती धरल्या. पेशव्यांकडून अरब, गोसावी आणि मराठे मिळून सुमारे दोन हजार पायदळ गावावर चालून आले. दिवसभर गल्लीबोळातून हातघाईची लढाई झाली. नदी डोळ्यांसमोर, आणि गावातल्या शिपायांना प्यायला पाणी नाही! रात्री पेशव्यांचे लोक मागे गेले. जनरल स्मिथची मोठी फौज येत असल्याची वर्दी त्यांना होती. कंपनीकडचे पावणेतीनशेच्या आसपास लोक मेले, जखमी झाले किंवा हरवले. शिपायांत महार मोठ्या संख्येने होते, पण मराठे, राजपूत, मुसलमान हेही होते. तोफांवर मद्रासकडचे गोरे गोलंदाज होते.

कंपनीने १८२१ साली तेथे स्तंभाचा पाया घातला आणि पडलेल्यांची नावे त्यावर कोरली. सुट्टीत मी मुद्दाम जाऊन तो पाहून आलो. चौकोनी, निमुळता, काळ्या दगडाचा, चौथऱ्यावर उभा. दीपमाळेशी त्याचे नाते कोणी आंधळ्यानेच जोडावे! नावांच्या यादीत बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. महार शिपायाच्या नावाला लागणारा हा प्रत्यय. ज्या काळात या माणसांची सावलीसुद्धा गावात मोजूनमापून पडे, त्या काळात त्यांची नावे दगडात, सरकारी खर्चाने, इंग्रजी आणि मराठी लेखांसह कोरली गेली. लढाई कोणाच्या बाजूने लढली गेली यावर वाद घालणारे घालोत. मी तेथे उभा होतो तेव्हा एक मध्यमवयीन गृहस्थ आपल्या मुलीला उचलून एकेक नाव बोटाने दाखवत होते. मुलगी अक्षरे लावून लावून वाचत होती.

मेलेल्यांना दगड मिळाला, जगलेल्यांना काय? त्यांना चांदी मिळाली, पण तेहतीस वर्षांनी. १८५१ साली ‘आर्मी ऑफ इंडिया’ नावाचे रौप्यपदक निघाले. १८०३ ते १८२६ पर्यंतच्या लढायांसाठी एकवीस निरनिराळ्या पट्ट्या होत्या. ज्याने जी लढाई केली तिची पट्टी त्याच्या पदकाच्या फितीवर. कोरेगावची एक पट्टी होती. आमच्या वऱ्हाड-नागपूरकडच्याही होत्या : अडगाव, गाविलगड, सीताबर्डी, नागपूर. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मधली, म्हणजे कोरेगावच्या जेमतेम पाच आठवडे आधीची, आणि तेव्हा आमचा भंडारा नागपूरकर भोसल्यांच्याच मुलखात होता. मात्र पदकाला अट अशी की, ते मागायला माणूस १८५१ साली जिवंत हवा. कोरेगावला वीस वर्षांचा असलेला पोरगा तोवर त्रेपन्न वर्षांचा झालेला. त्याला पदक निघाल्याची बातमी कळायची कशी, आणि कळली तरी अर्ज लिहून द्यायचा कोणी? हिंदी शिपायांनी मागून घेतलेली पदके म्हणूनच अगदी थोडी, आणि म्हणूनच आज संग्राहक लोक त्यांच्यासाठी लिलावात वाटेल ती किंमत मोजतात. त्या पदकाच्या कडेवर शिपायाचे नाव कोरलेले असते. कोणा एका नाकाचे नाव आज लंडनच्या कोणा गृहस्थाच्या मखमली खणात पडून असेल.

हा मान पुढे पुसलाही गेला. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली. काही जाती जन्मतःच लढवय्या आणि बाकीच्या नव्हेत, असे शास्त्र साहेबांनी काढले होते. ज्यांची नावे आपणच दगडात कोरली ते या शास्त्रात बसेनात! फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट विलायतच्या मंत्र्याकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली, आणि गरज सरताच १९२१ पर्यंत मोडूनही टाकली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी हे स्वतः फौजेतले सुभेदार होते, हे वाचकांना ठाऊकच आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले आणि त्या दगडाला नवी वाचा फुटली.

दुसरे महायुद्ध आले, पुन्हा माणसे हवीशी झाली. १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळात बाबासाहेब होते. महारांची पलटण व्हावी यासाठी त्यांनी तेथे आपले वजन खर्च केले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली आणि १९४२ च्या जूनमध्ये दुसरी. ती आमच्या शेजारी, कामठीला. टोपीवर काय लावायचे हा प्रश्न निघाला तेव्हा पलटणीतल्या एका अधिकाऱ्याने नक्षी काढली. कोरेगावचा स्तंभ, आणि त्यावर ‘महार’ हा एकच शब्द, इंग्रजी अक्षरांत.

चित्रकलेचा मास्तर म्हणून सांगतो, यात कलाकुसर काहीच नाही. इतर पलटणींच्या बिल्ल्यांवर सिंह, मुकुट, तलवारी, पानाफुलांच्या माळा. मराठा पलटणीच्या बिल्ल्यावर वळसेदार बिगुल, दिसायला फार देखणे. येथे नुसता उभा खांब. पण ज्या शब्दाने गावकुसाबाहेर हाक मारली जाई तोच शब्द सरकारी पितळेत, कपाळाच्या वर! आजींचे वडील १९४२ साली भंडाऱ्याहून कामठीला गेले आणि भरती झाले. शनिवारी घरी येत तेव्हा टोपी हातात न घेता डोक्यावरच ठेवून गावातून चालत, असे आजींनी आपल्या आईकडून ऐकले आहे. पाटलाच्या वाड्यावरून जाताना वडील टोपी काढीत नसत. आई मात्र धास्तीने चार पावले मागून चाले.

युद्धात या पलटणीच्या वाट्याला मोठी रणे आली नाहीत. काही बटालियनी सरहद्दीवर, काही देशातल्या बंदोबस्ताला. दुसरी बटालियन ब्रह्मदेशातही जाऊन आली. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्याकडे आला नाही. तो आला बिगुलवाल्यांकडे, एकाच युद्धात दोनदा, आणि दोन्ही वेळा इटलीत. कुलाबा जिल्ह्यातल्या माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४. मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतला एकूण एक माणूस पडला किंवा जायबंदी झाला. हे एकटे धावले, हातबॉम्ब फेकला, टॉमीगन रिकामी केली. पुन्हा भरायला वेळ नाही म्हणून तीच नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून मारले, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेथेच पडले. त्यांची कबर नाही. इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर नाव तेवढे आहे. त्यांचा क्रॉस १९४५ साली दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून घेतला तो त्यांच्या तरुण विधवेने. दुसरे, नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. दोघा जखमींना सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून बाहेर काढले, स्वतःचा हात जखमी होऊन बंदूक चालेना तेव्हा हातबॉम्ब घेतले, तीन मशिनगनी बंद पाडल्या, आणि मग बांधाच्या माथ्यावर उभे राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करीत मागच्यांना हाका मारल्या. हे परत आले आणि १९८४ पर्यंत जगले.

व्हिक्टोरिया क्रॉस चांदीचा नाही, सोन्याचा नाही; शत्रूकडून जिंकलेल्या तोफांच्या काशाचा. पण तेच कासे दुसऱ्याच्या छातीवर गेले की त्याचा अर्थ बदलतो. पहिल्या महायुद्धानंतर जे सर्वसाधारण युद्धपदक वाटले गेले ते शिपायाला चांदीचे होते. मजूर तुकड्यांतल्या हिंदी, चिनी, माल्टी लोकांना तेच पदक, तोच राजाचा मुखवटा, पण काशाचे. एकच खंदक, बंदूक धरली त्याला चांदी, फावडे धरले त्याला कासे. पुढे चांदी महागली तेव्हा गंमत झाली. शिपायांची रौप्यपदके सोनाराच्या मुशीत गेली आणि मजुरांची काशाची बिचारी वाचली. आज संग्राहकांच्या दृष्टीने तीच दुर्मिळ!

या संग्राहकांविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण त्यांतला एक आमच्या प्रदर्शनात येऊन गेला. छंद वाईट नव्हे. पहिल्या महायुद्धात विलायतेत एका विडीवाल्या कंपनीने सिगारेटच्या पाकिटांतून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्यांची चित्रे दिली. पंचवीसच्या एक अशा आठ माला, दोनशे वीर. शाळकरी पोरे ती अदलाबदल करून जमवीत, आणि अशा पोरांमुळेच कित्येक शिपायांचे चेहरे आज आपल्याला ठाऊक आहेत. संग्राहक नसते तर बहुतेक बिल्ले भंडाऱ्याच्याच भट्टीत वितळून त्यांचे गडवे झाले असते. आमच्याकडे आलेले गृहस्थ नागपूरचे, बोलायला मिठ्ठास. बिल्ला पाहताच त्यांचे डोळे चकाकले. हा खांबाचा बिल्ला फार थोडी वर्षे टोपीवर राहिला, हे त्यांच्याकडूनच मला प्रथम कळले. १९४६ साली पलटण मशिनगन पलटण झाली, कामठीला तिचे केंद्र झाले आणि बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशिनगनी आडव्या-तिडव्या आल्या. त्यांच्यामधला स्तंभही पुढे गेला आणि त्या जागी कट्यार आली. स्वतंत्र देशाच्या फौजेला कंपनी सरकारच्या जयाचा खांब कसा चालावा, हेही खरेच. फाळणीच्या वेळी पंजाबात निर्वासितांच्या रक्षणाला या पलटणी होत्या. पुढे श्रीलंकेत १९८७ साली आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले तेव्हा टोपीवर कट्यारच होती.

त्या गृहस्थांनी आजींना आकडा सांगितला. माझ्या अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढा होता. आणि वर हळहळले, "झिजला नसता तर तिप्पट दिले असते. आजी, याला घासायचे नसते! अक्षरे गेली सगळी. जुन्या पितळेचा काळेपणा हीच त्याची किंमत."

आजी म्हणाल्या, "इकाचा असता तं बापानंच इकला असता. त्याले गरज लय होती."

ते खरे होते. वडील १९४६ साली घरी आले, टोपी सरकारजमा झाली, बिल्ला तेवढा राहिला. जमीन नव्हती. तेंदूपत्त्याच्या हंगामात विड्या वळल्या, बाकीचे दिवस लोकांच्या धानाच्या बांध्यांत काढले. १९५४ साली बाबासाहेब आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. तेव्हा वडिलांनी पेटीतून बिल्ला काढून सदऱ्याला लावला आणि मताला गेले. बाबासाहेब पडले. ज्या माणसाने पलटण मिळवून दिली त्याला आम्ही भंडाऱ्याच्या लोकांनी निवडून दिले नाही, ही गोष्ट आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे आणि ती कोणत्याही चिठ्ठीने झाकता येत नाही. त्या रात्री वडील जेवले नाहीत, इतके आजींना स्वतःला आठवते. त्या तेव्हा लहान होत्या. वडिलांनी सदऱ्यावरचा बिल्ला काढून त्यांच्या हातात ठेवायला दिला, आणि तो मग त्यांच्याकडेच राहिला.

बिल्ला परत करायला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा लक्ष्मीपूजनाचा आदला दिवस होता. गावभर चिंच आणि राखेने भांडी घासण्याची धांदल चाललेली. मी आपला म्हणालो, "आजी, आता दिवाळीचे तुम्ही हाही घासणार असाल."

"दिवारीले नाही घासत, गुरुजी," आजी हसल्या. "एकतीस डिसेंबरले घासतो."

म्हणून एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी पुन्हा गेलो. ओट्यावर पाण्याचा गंज, वाटीत चिंचेचा कोळ. आजींनी बिल्ला नातवाच्या हाती दिला आणि कसा घासायचा ते दाखवले. अंगठ्याने, खालून वर, चौथऱ्यापासून टोकापर्यंत. गेली सत्तरएक वर्षे तो असाच घासला जात होता. वरच्या पट्टीवरची अक्षरे गेली ती याच अंगठ्यांखाली. नागपूरकर गृहस्थांचे म्हणणे माझ्या ओठांवर आले होते, पण बोललो नाही. सोबत मोठ्या अक्षरात लिहून नेलेली नवी चिठ्ठी पोराला दिली. तिच्यात पलटण, साल, कामठी सगळे होते. त्याने ती आजीला वाचून दाखवली.

"माह्या बापाचं नाव नाही टाकलं," आजी म्हणाल्या.

मी पेन काढले आणि नाव विचारले. त्यांनी ते सावकाश, सुभेदाराने हजेरी घ्यावी तसे, आधी नंबर आणि मग नाव, असे सांगितले.